अष्टमीचं शूटिंग

चारुताने गुणाबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या रोडपालीच्या सोसायटीच्या गेटवर. माशांची टोपली पुढ्यात ठेवून गुणाबाई तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी भांडत होती. बाई गॅलरीतून सांगत होत्या की परवाच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पोकळ निघाल्या.

"मंग पुनवेला घेतल्यास कनाला?" गुणाबाई खालून ओरडली. "मी बोलले व्हते ना, अवसेला घे, भरलेल्या देतंय! तुमाला रविवारीच खायची असतंय. चिंबोरीला रविवार ठाव हाय काय?"

चारुता माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, काय चेहरा आहे गं या बाईचा!" आणि मला असा अभिमान वाटला, जसा काही तो चेहरा मीच घडवला होता.

चारुता ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजची तीन वर्षं आमच्याकडेच राहिली. माझ्या हातचं खाल्लं, माझ्या साड्या नेसली, माझ्यापाशी रडली. आता ती पर्यावरणावर माहितीपट करते आणि त्यांची सबटायटलं मी लिहिते. मी बारावीनंतर शिकले नाही. सबटायटल कसं करायचं, एका ओळीत किती अक्षरं, माणूस गप्प झाल्यावर ओळ किती वेळ ठेवायची, हे लॉकडाऊनमध्ये मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकले. माझे वडील उरणला पोस्टात होते. शाळेत माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना कोळ्यांच्या मुली. त्यामुळे खाडीकाठची बोली मला येते. चारुता म्हणायची, "मावशी, तुझ्यासारखं कोणी करत नाही." मला ते ऐकायला आवडायचं. लपवून काय करू?

यावेळचा माहितीपट खारफुटीवर होता. खारफुटीला सरकारी माणसं कांदळवन म्हणतात, चारुता मॅन्ग्रोव्ह म्हणते आणि गुणाबाई तिवर म्हणते. ही झाडं हवेतला कार्बन चिखलात पुरून ठेवतात. म्हणून एक कंपनी गुणाबाईच्या गावच्या खाडीत लाखभर रोपं लावणार होती, आणि तेवढा धूर आपण केलाच नाही असं कागदावर धरणार होती. चारुताने हे समजावून सांगितल्यावर आमचे हे, प्रभाकर, वर्तमानपत्रामागून म्हणाले, "म्हणजे खाणार ते, आणि उपास खाडीने धरायचा?"

"काका, तुम्ही ना!" चारुता हसली. "काहीच न करण्यापेक्षा हे बरं नाही का? जग तापतंय."

जग तापतंय यात शंका नव्हती. मे महिना होता, आणि तळोज्याच्या कारखान्यांचा वास येतो म्हणून खिडक्या बंद करून आम्ही तिघं घामाघूम बसलो होतो. मलाही वाटलं, झाडं लावण्यात वाईट काय असणार?

गुणाबाईला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी ती म्हणाली, "माज्या थोबाडात काय बघायचं?" मग म्हणाली, "येऊ दे. पन बीजेला नाय तर तिजेला ये म्हनावं. अवस झाल्यावर."

चारुताने मोबाइल काढून बघितलं. "अगं मावशी, कॅमेरामन रविवारीच मोकळा आहे. ड्रोनसुद्धा रविवारचाच मिळालाय." तो रविवार अष्टमीचा होता.

"अष्टमीला?" गुणाबाई टोपली उचलता उचलता थांबली. "अष्टमीला खाडीत काय हाय? भांग असतंय." भांग म्हणजे समुद्राचे आळसाचे दिवस. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि आतला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात गावच्या बायका खुबे, म्हणजे खायचे शिंपले, काढतात. पायाच्या बोटांनी चाचपायचं, शिंपला लागला की वाकायचं. हे मी नीट समजून घेतलं आणि चारुताला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "हो, हो, ते बाईट्समध्ये येईल."

"बरं, ये अष्टमीला," गुणाबाई शेवटी म्हणाली. "तुजी भाची हाय. तिला नाय कसं बोलू?"

त्या रविवारी आम्ही भर दुपारी पोचलो. बंधाऱ्याजवळचा चिखल उघडा होता, पुढे सगळं पाणी. रोजच्यासारखीच ये, असा निरोप असूनही गुणाबाईने ठेवणीतलं नारिंगी लुगडं नेसलं होतं आणि अबोलीची वेणी माळली होती. चारुताने तिच्यापुढे एक इंग्रजी कागद धरला.

"काय लिवलंय यात?" गुणाबाईने मला विचारलं.

मी तो वाचला नव्हता. बघितला होता, वाचला नव्हता. "काही नाही गं. तुझा फोटो आणि आवाज वापरायची परवानगी. कर सही, आपलीच पोरगी आहे."

तिने अंग चोरून, एकेक अक्षर काढत सही केली. मग बोलायला लागली ती एक्केचाळीस मिनिटं थांबली नाही. ती एक्केचाळीस मिनिटं मी नंतर ओळीनओळ उतरवून काढली, म्हणून मला पाठ आहेत. चारुताने विचारलं, इथे आज कोणी का दिसत नाही? त्यावर गुणाबाई म्हणाली, "आज इथं कोन नाय. भांग हाय ना. तिजेला ये सकालची, मंग बघ. सगल्या गावच्या बाया चिखलात असतंन. तुमी इथं रोपं लावलीत तर आमी पाय कुठं ठेवायचा?" रोपांबद्दल विचारल्यावर म्हणाली, "तिवर आपली आपन येतंय. तिला ठाव हाय कुठं थांबायचं. बंधाऱ्याच्या कडंला लावा, मी सोता येतंय लावायला. चिखलात नको. मागं एकांनी लावली व्हती, एक जगली नाय. आनि चार वरसं खुबाबी नाय गावला."

निघताना चारुताने तिच्या हातात एक रोप दिलं. "फक्त एक शॉट, गुणाबाई. रोप हातात धरून हसायचं." गुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हसली.

पावसाळा संपता संपता पनवेलच्या एका सभागृहात माहितीपट दाखवला गेला. गुणाबाई टेम्पो करून आली. सोबत सून कोमल आणि गावच्या आठ-नऊ बायका, सगळ्या नटूनथटून. त्यांची अख्खी रांग अबोलीने घमघमत होती. पडद्यावर गुणाबाई दिसली तेव्हा त्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्या साहेबांनी वळून पाहिलं.

पडद्यावरची गुणाबाई म्हणाली, "इथं कोन नाय."

बस. लगेच ड्रोन वर गेला आणि दुपारच्या उन्हात रिकामा, ओसाड, चमकणारा चिखल दिसला. खाली अक्षरं होती: 'इथे कोणी येत नाही.' मी लिहिलं होतं, 'आज इथे कोणी नाही.' मग रोप हातात धरून हसणारी गुणाबाई, मागे बासरी, आणि एक भारदस्त आवाज: "पिढ्यान्‌पिढ्या पडीक असलेल्या या जागेला स्थानिक मच्छीमार भगिनींनीच हिरवं भविष्य दिलं."

सभागृहात टाळ्या झाल्या. आमच्या रांगेत कोणी हात हलवला नाही. शेवटच्या टोकाची एक म्हातारी पुढे झुकून म्हणाली, "गुने, तू असं बोललीस? कोन येत नाय? मंग आमी कोन?"

"अर्धा बोलले," गुणाबाई म्हणाली. ती अजून पडद्याकडेच बघत होती. "अर्धा कुठं गेला?"

तेवढ्यात नावं सरकायला लागली. भाषा साहाय्य, आणि पुढे माझं नाव. कोमलने ते वाचून दाखवलं. गुणाबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शिव्या देईल. तोंडाने ती कोणाला हार जायची नाही, पंधरा वर्षं ऐकत होते. पण ती उठली, लुगडं सारखं केलं आणि बायकांना म्हणाली, "चला गो."

चारुता बाहेर फुलांचा गुच्छ धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "मावशी प्लीज, आत्ता नको." दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून घरी आली. मी चहा टाकला. सवय.

"तो 'आज' कुठे गेला?" मी विचारलं.

"मावशी, एक्केचाळीस मिनिटांतली दीड मिनिटं घ्यायची असतात. माहितीपटाला पैसे कंपनीचे होते. त्यांनी पहिला कट बघितला, म्हणाले शेवट आशादायक हवा. आणि मलाही ते पटलं. लोक आधीच घाबरलेत. हिमनग वितळताना बघून बघून थकलेत. काहीतरी चांगलं होतंय हे कोणीतरी दाखवायला नको? एका बाईच्या खुब्यांसाठी..."

"एका बाईच्या नाही. चाळीसेक बायका आहेत."

"मला तिथे एकही दिसली नाही." तिने कप खाली ठेवला. "मी स्वतः गेले होते, मावशी. वरून, खालून, सगळीकडून पाहिलंय. कोणी नव्हतं."

ती खोटं बोलत नव्हती. मला तेच जास्त लागलं. तिने खरोखरच पाहिलं होतं, आणि जे पाहिलं त्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिला कोणी सांगितलंच नाही असंही नाही. मी सांगितलं होतं. गुणाबाईने सांगितलं होतं. ते आमचं सांगणं होतं, आणि तिच्याजवळ ड्रोन होता.

गुणाबाई गेटवर यायची बंद झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा विचारायला लागल्या. दोन आठवडे थांबून मी तिच्या गावी गेले. ती ओट्यावर जाळं विणत बसली होती. माझ्यासाठी पाट आला नाही. पाणी आलं, ते कोमलने आणलं.

"गावाला वाटतंय मी चिखल इकला," गुणाबाई वर न बघता म्हणाली. "नलावर कोन बोलत नाय माज्याशी. माजी सक्की जाऊ बोलत नाय. चालीस वरसं मी त्यांच्यासंग चिखलात हाय."

"मी त्यांना सांगते ना."

"तू काय सांगशील? तूच बोललीस, कर सही, आपलीच पोरगी हाय." तिने सुतळी दातांनी तोडली. "ती तुजी आपली व्हती. माजी कुठं व्हती?"

कोमलने एक कागद दाखवला. पुढच्या आठवड्यात गावच्या समाजमंदिरात सुनावणी होती. रोपं चिखलावर लावायची की नाही आणि भोवती कुंपण घालायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं. कंपनीच्या अर्जासोबत पुरावा म्हणून माहितीपट जोडला होता.

घरी येऊन मी एक्केचाळीस मिनिटांचा उतारा छापून घेतला. सत्तावीस पानं भरली. प्रत्येक ओळीपुढे मिनिट आणि सेकंद. प्रभाकर म्हणाले, "चारुतापण असेल तिथे. विचार केलायस?" केला होता. मी पानं पिशवीत घातली आणि रात्रभर तिच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल विचार करत पडले, जे काही उपयोगाचं नव्हतं.

समाजमंदिरात टीव्ही लावला होता. अधिकारी साहेब तरुण होते, घामेजलेले, पण वागायला सभ्य. फिल्म बघून त्यांनी गुणाबाईला विचारलं, "बाई, या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग आता वेगळं का सांगताय?"

"येगलं नाय साहेब, रायलेलं सांगतंय."

मी उठले. पिशवीतून पानं काढली आणि वाचायला लागले. बावीस मिनिटं चौदा सेकंद: "आज इथं कोन नाय. भांग हाय ना..." मी पुढचं पान उलटलं. मागे गावच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. ती म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बघा, बोलली व्हती ती!" मला वाटलं, झालं, जमलं.

कंपनीच्या माणसाने विचारलं, "या कोण?" साहेब चारुताकडे वळले. "मॅडम, हे तुमच्याच चित्रीकरणातलं आहे का? मूळ फुटेज मिळेल?"

चारुता कंपनीच्या लोकांशेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग अजिबात नव्हता, उलट माया होती.

"सर, फुटेज आता आमच्याकडे नाही. आणि मावशी हे हौसेने करते," ती हळुवारपणे म्हणाली. "तिने भाषांतराचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. या बोलीतलं सगळं तिला नेमकं कळतंच, असं म्हणता येणार नाही."

मी खाली बसले. पानं मांडीवर होती, ती सारखी करत राहिले. सगळी सरळच होती, तरी करत राहिले. चारुता पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायली.

"तिला नसंल कलत," गुणाबाईचा आवाज आला. गेटवरचाच तो, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. "माना कलतंय ना मी काय बोलले ते? का त्येचाबी कोर्स करू?"

बायका हसल्या. कंपनीचा माणूस म्हणाला की आता कोणीही काहीही सांगू शकतं.

"मंग सांगत नाय. दावतंय. साहेब, तुमी तिजेला या. सकाली साडेसातला."

साहेबांनी मोबाइल काढला. "म्हणजे कोणती तारीख?"

गुणाबाईने बोटांच्या पेरांवर मोजलं. "येत्या गुरवारी."

"गुरुवारी माझी मीटिंग आहे. रविवारी चालेल?"

"माना चालंल. तुमी खाडीला इचारा."

आता साहेबही हसले. त्यांनी मीटिंग पुढे ढकलली आणि लिहून दिलं की प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत निर्णय नाही.

गुरुवारी मी साडेसहालाच बंधाऱ्यावर होते. पाणी इतकं लांब गेलं होतं की आधी मला ती खाडीच वाटली नाही. त्या काळ्या, मऊ विस्तारात बायका पसरल्या होत्या. चाळीस कशाला, साठ तरी असतील. कासोटे वर खोवलेले, कमरेला टोपल्या. तोंडं अखंड सुरू होती आणि पाय चिखलात काहीतरी शोधत होते. साहेब पॅन्ट दुमडून उतरले आणि तिसऱ्या पावलाला एक चप्पल गमावून बसले. बायकांनी ती शोधून द्यायच्या आधी मनसोक्त हसून घेतलं. गुणाबाईची जाऊ मागून आली आणि तिच्या शेजारी वाकली.

चारुता माझ्या बाजूला येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. गळ्यात कॅमेरा. 

"मावशी, मी हे पाहिलंच नव्हतं गं," ती म्हणाली. डोळे खरोखर भरलेले. "मी शेवट बदलते. शपथ. फक्त मला आत जाऊन शूट करू दे. तू एकदा गुणाबाईला सांग ना. तुझं ऐकते ती."

आणि मी निघालेच होते, हे मला कबूल केलं पाहिजे. चपला काढल्या, साडी खोचली, एक पाय चिखलात टाकला. गुणाबाईने तिथूनच पाहिलं. ती दोन पावलं अलीकडे आली.

"ती वरच थांबंल. कॅमेराबी वर."

"बरं," मी म्हणाले आणि दुसरा पाय उचलला.

"तूबी," गुणाबाई म्हणाली. मासे निवडताना एखादा बाजूला सारावा तसं, न ओरडता. मग वळली आणि साहेबांकडे गेली.

मी पाय काढून घेतला. घोट्यापर्यंत चिखल तसाच घेऊन वर आले.

लांबवर गुणाबाईने साहेबांचा हात धरून मनगटापर्यंत चिखलात घातला. ती त्यांना काहीतरी सांगत होती. इतक्या अंतरावरून शब्द येत नव्हते, आणि मधे उभं राहून ते सोपे करून सांगायला कोणी नव्हतं. साहेब मान हलवत होते. त्यांच्या मुठीत काहीतरी आलं तशा सगळ्या बायका ओरडल्या. मग त्यांनी खिशातून वही काढली आणि तशाच काळ्या बोटांनी लिहायला लागले.

चारुताने हळूच कॅमेरा डोळ्याला लावला. मी काचेवर तळहात ठेवला. तिने तो झटकला नाही. मीही काढला नाही.